तयार पंख

त्या राज्यात पक्षी बिनपंखांचे जन्मत आणि प्रत्येकाला आपले पंख स्वतः करावे लागत. भेंडाचं लाकूड आणायचं, पलीकडचा उजेड दिसेल इतकं पातळ तासायचं, त्यावर केळीचा पापुद्रा ताणायचा आणि जोडावर चिकाचा एकच थेंब ठेवायचा. यात चार महिने जात. शेवटी पंख फांदीला टांगून त्यावर फुंकर मारत. उचलला गेला तर ठीक, नाही तर पुन्हा तासायला बसायचं. काम कंटाळवाणं होतं, हे कबूल केलं पाहिजे. म्हणून राजाने कारखाना काढला आणि तिथून तयार पंख मिळू लागले.

गुणाजी चंडोलाची सोयरीक दरीपलीकडच्या शेवंतीशी ठरली होती. रीत अशी की नवरदेवाने दरी उडून ओलांडायची आणि गोरज मुहूर्ताआधी मांडवात उतरायचं. मुहूर्त टळला की लग्न मोडलं. वर शेवंतीचा निरोपही आला होता : "हवेतूनच ये. चालत येणारे आमच्याकडे ढिगाने पडलेत." गुणाजीचा तिच्यावर जीव जडला होता. पण चार महिने भेंड तासत बसण्याइतका काही जडला नव्हता. त्याने तयार पंख मागवले.

खोकं उतरवायला चार कावळे लागले. आत सोनेरी रंगाचे झगझगीत पंख होते आणि दोन्हींवर झेपावणाऱ्या गरुडाचं चित्र होतं. गुणाजी हरखून गेला. त्याच्या भागाआत्याने मात्र नखाने रंग खरवडून पाहिला. खाली लाकडाला चीर, चिरेवर ठिगळ आणि ठिगळावर उतू गेलेल्या खिरीसारखा डिंक.

"मेल्या, हे पंख आहेत की कवाडं?"

"मजबूत आहेत, आत्या."

"मजबूत तर जातंही असतं. त्यावर बसून जाशील का सासुरवाडीला?"

पंख फांदीला टांगला, तेव्हा फांदीच कुरकुरली. आत्याने फुंकर मारली, मग गुणाजीने, मग दोघांनी मिळून. आत्याला ठसका लागला, पण पंख ढिम्म हलला नाही.

गुणाजी कारखान्याच्या कचेरीत गेला. तिथला कारभार भारद्वाजाकडे होता. भारद्वाज गोड बोलायचा आणि तक्रार कुठलीही असो, तिची तत्काळ दखल घ्यायचा. त्या कारखान्यात फक्त एक गोष्ट कधी होत नसे : लावलेलं काही काढत नसत. काढायचं म्हणजे आधी लावलं ते चुकलं असं म्हणायचं, आणि तसं म्हणण्याचा अधिकार कुणालाच दिलेला नव्हता. त्यामुळे गुणाजीचा डावा पंख बोटभर लांब निघाला तेव्हा उजव्याला बोटभर पट्टी जोडण्यात आली. पट्टीच्या वजनाने शेपूट खाली गेलं, तर चोचीला शिशाची गोळी बांधली. मग चोच खाली गेली, तर शेपटाला खडा.

"तरीही उचलत नाही साहेब," गुणाजी काकुळतीने म्हणाला.

भारद्वाजाने त्याच्याकडे आपुलकीने पाहिलं. "पंखांत दोष नाही. तुमची ताकद कमी पडतेय. बाजरी वाढवा."

गुणाजीने आठ दिवस बाजरी वाढवली. ताकद किती आली कोण जाणे, पण पोट चांगलंच सुटलं, आणि आता तेही उचलायचं होतं.

लग्नाच्या दिवशी कड्यावर उभं राहिल्यावर त्याला पहिल्यांदा खरी भीती वाटली. पडायची नव्हे, शेवंती हातची जाईल याची. आत्याने त्याला बाजूला घेतलं आणि आपले पंख उतरवून पुढे केले. बेरंग, जुने, पण वाऱ्यावर थरथरणारे. "जरा लहान होतील," ती म्हणाली, "पण पोचशील रे बाळा." गुणाजीने ते हातात घेतले. तेवढ्यात त्याची नजर जमलेल्या वऱ्हाडाकडे गेली. आत्याचे पंख घालून नवरदेव निघाला, असं उद्या गावभर झालं तर? त्याने ते मुकाट्याने परत दिले.

तो धावला आणि त्याने उडी घेतली. दरी नीट दिसायच्या आतच तो तिच्यात होता. वीस हात खाली करवंदीच्या जाळीत अडकून तो गप्प पडून राहिला. वरून आवाज आले, "गेला! दिसेनासासुद्धा झाला! याला म्हणतात पंख!"

वरचे आवाज थांबल्यावर तो काटे काढून पायी निघाला. त्याला वाटलं होतं, खाली नुसतं रान असेल. पण तळाशी चांगली मळलेली, रुंद वाट होती आणि तिच्या दोन्ही कडांना जड काहीतरी फरफटत नेल्याच्या रेघा होत्या. गुणाजीचे पंख त्या रेघांत बरोबर बसले. समोरून कुणीतरी धापा टाकत येत होतं. तो भारद्वाज निघाला. दोघांनी एकाच वेळी माना वर केल्या.

"हवा छान आहे," भारद्वाज म्हणाला.

"उडायला उत्तम," गुणाजी म्हणाला. दोघे आपापल्या वाटेने चालू लागले.

दिवस मावळता मावळता तो मांडवाच्या मागच्या बाजूने झुडपांतून वर चढला. पुढच्या बाजूला सगळी मंडळी अक्षता घेऊन, माना उंचावून आभाळाकडे बघत उभी होती. शेवंतीच्या वडिलांना त्याला तिथे पाहून जराही नवल वाटलं नाही. त्यांनी घाईघाईने त्याला एका मोठ्या घंगाळाशी नेलं.

"पाय धुऊन घ्या पटकन. मग तुम्हाला पुढे नेतो."

गुणाजीने पाय आत घातले. पाणी आधीच चिखलाचं झालेलं होतं.

तेवढ्यात शेवंती मांडवामागे आली. तिने त्याच्या तोंडाकडे पाहिलं नाही, पायांकडे पाहिलं. मग ती कितीतरी वेळ त्या घंगाळाकडे बघत राहिली.

"शेवंते," गुणाजी म्हणाला, "वाटेत वारा उलटा होता गं."

तिच्या पाठीवर तिने स्वतः तासलेले पंख होते. ती कड्याच्या टोकापर्यंत गेली. वाऱ्याची एक साधी झुळूक आली आणि तिला उचलून घेऊन गेली.

मांडवाच्या पुढच्या बाजूला एकच गलका उठला. "आला, आला! नवरदेव आला!" वाजंत्री कडाडली, अक्षता उडाल्या. शेवंतीचे वडीलही आभाळाकडे बघत कौतुकाने मान डोलवू लागले, आणि तसंच न बघता गुणाजीच्या पायांवर पाणी ओतत राहिले.