वरचा एक

फार फार वर्षांपूर्वी एका राज्यात जे घडलं, त्यात चूक राजगणकाची होती. देवीची नाही, नशिबाची नाही, आणि बिचाऱ्या संख्येची तर मुळीच नाही. हे आधीच सांगून ठेवतो, कारण मोठी माणसं दोष ढकलण्यात पटाईत असतात.

त्या राज्यात दरवर्षी देवीपुढे दहा हजार एक पणत्या लावत. दहा हजार मोजून, आणि शुभ म्हणून वर एक. रांगा सारख्या हव्यात, असा नेम. पण दहाच्या लावा, शंभराच्या लावा, वरचा एक उरायचाच. उरलेल्या पणतीवर ज्या घराची खूण, त्या घरानं गाव सोडायचं.

"काही इलाज नाही का?" असं राजानं एकदा तरुण गणकाला विचारलं होतं.

"ही संख्या अभंग आहे महाराज. कशानंच भागत नाही," गणक म्हणाला. राजानं त्याला शाल दिली. गणक म्हातारा झाला, शाल विरली, घरं मात्र जातच राहिली.

एका वर्षी उरलेल्या पणतीवर जवाच्या दाण्याची खूण निघाली. ती गणकाच्या लेकीच्या घराची होती.

लेक तान्ह्या पोराला कडेवर घेऊन बापासमोर उभी राहिली. "बाबा, सगळ्या आकड्यांनी भागून पाहिलं होतंत ना?"

"एकाहत्तरपर्यंत पाहिलं होतं."

"मग थांबलात का?"

"तुझ्या आईनं हाक मारली. पानं वाढली होती."

"आणि जेवण झाल्यावर?"

जेवण झाल्यावर शाल आली होती. शाल अंगावर पडल्यावर कोण पुन्हा भागाकार करत बसतो?

"बसा," लेक म्हणाली. "शंभरपर्यंत तरी बघा. त्याच्या आत नाही भागली, तर पुढेही भागायची नाही, हे तुम्हीच शिकवलंत मला."

एक पंच खेकसला, "एवढी वर्षं चाललंय, ते काय उगाच?"

"हो, उगाच!" ती म्हणाली.

म्हाताऱ्यानं धुळीत आकडे मांडले. बहात्तर: बाकी उरली. त्र्याहत्तर: एकशे सदतीस वेळा गेले, आणि खाली शून्य. त्यानं त्या शून्यावर बोट ठेवलं.

माणसं धावली. त्र्याहत्तर-त्र्याहत्तरच्या रांगा लागल्या. शेवटच्या रांगेत एकच जागा रिकामी होती. तिथे जवाच्या दाण्याची पणती नीट बसली. साऱ्या पटांगणानं एकदमच श्वास सोडला. कुणी हसलं, कुणी रडलं, लेकीनं पोराला घट्ट धरलं. गाव सोडून गेलेल्या घरांना बोलावायला त्याच संध्याकाळी माणसं निघाली.

अर्धवट तपासून "नाहीच" म्हणणाऱ्याची चूक दुसऱ्यांना भोगावी लागते.

लेक गावातच राहिली, पण बापाच्या पंगतीला पुन्हा बसली नाही. म्हातारा मरेपर्यंत एकटा जेवला.