खडूची खूण

ज्या गावात पिढ्यान्‌पिढ्या तंबोरे घडतात, त्या गावात एकदा एक हळदीचा व्यापारी तीन नव्या कोऱ्या रेकॉर्ड छातीशी धरून एका वृद्ध कारागिराच्या दुकानाची पायरी चढला.

कारागिरांना सगळे चाचा म्हणत. तंबोऱ्याची जवारी लावण्यात त्यांची हयात गेली होती. तार छेडली की जो भरलेला गुंजारव उठतो, तो सारा, तारा जिच्यावर टेकतात त्या घोडीच्या पाठीवर कानस किती आणि कशी फिरली यावर ठरतो. ते काम डोळ्यांनी होत नाही, कानांनी होते. ऋजुता नावाची एक मुलगी गेली चार वर्षे त्यांच्याकडे हे काम शिकत होती. बोलायला ती संकोची होती. कान मात्र तिचा तीक्ष्ण होता.

दुकानात एक जुना रेकॉर्ड प्लेअरही होता. फार वर्षांपूर्वी एक परदेशी विद्यार्थी तंबोरा घेऊन मायदेशी परतताना तो आणि जॅझच्या पेटीभर रेकॉर्ड चाचांपाशी ठेवून गेला होता. तेव्हापासून दुपारच्या वेळी कानशीच्या खरखरीबरोबर त्या दुकानातून सॅक्सोफोनही ऐकू येई. गावाला त्याचे नवल उरले नव्हते.

"चाचा, एक काम आहे," व्यापारी म्हणाला. "या तिन्ही रेकॉर्डवर जॅझचा एकच कार्यक्रम आहे. माझ्या वडिलांचा जीव की प्राण. मूळ रेकॉर्ड त्यांनी झिजवून टाकली. आता तीन कंपन्यांनी ती नव्यानं काढलीय, आणि तिघीही म्हणतात, आमचाच आवाज सगळ्यात खरा. मी हळद मोडून तिची प्रत सांगेन. यातलं मला काय कळतं?"

"तुम्हाला यातून हवंय काय?" चाचांनी विचारलं.

व्यापारी जरा घुटमळला. "रेकॉर्डच्या दुसऱ्या बाजूला एक जागा आहे. तिथं वडील एक बोट वर करायचे. 'आता ऐक,' म्हणायचे. मी लहान होतो, मला त्यांचं बोटच तेवढं दिसायचं. जुन्या रेकॉर्डवर नेमकी तिथंच सुई उडते. त्यांनीच पुन्हा पुन्हा लावून ती झिजवलीय. रविवारी त्यांना जाऊन वर्ष होतंय. त्यांचे चार मित्र येतील. त्या दिवशी ती जागा ऐकू यावी, एवढंच. एक ठेवून घेईन, दोन परत पाठवीन."

चाचांनी हात पुसले. "माझे कान आता म्हातारे झाले. वरचे बारीक आवाज माझ्यापर्यंत पोचतच नाहीत. हिला द्या. ही सांगेल."

ऋजुताने मान वर केली. आजवर गिऱ्हाइकांनी तिच्याकडे पाणी मागितले होते, बिल मागितले होते, चाचा कुठे गेलेत हे विचारले होते. तिचा कान कुणी मागितला नव्हता. हा निवाडा चुकला तर आपला कान पुन्हा कुणी मागणारही नाही, हेही तिला त्याच क्षणी उमगले.

तिने ते काम मनापासून केले. तीन दिवस, दुकानात वर्दळ नसताना, तिने तिन्ही रेकॉर्ड ऐकल्या. प्रत्येक वेळी सुई स्वच्छ केली. खुर्ची एकाच फरशीवर ठेवली. कुणावर अन्याय होऊ नये म्हणून प्लेअरला जोडलेल्या अँप्लिफायरवर आवाजाच्या बटणाशेजारी तिने खडूने एक बारीक रेघ ओढली आणि बटण त्या रेघेवरून केसभरही हलू दिले नाही. मग वहीत लिहिले : 'पहिली – उजळ, पण कानाला टोचते. दुसरी – भरदार, जवळची; वादक समोर बसल्यासारखे वाटतात. तिसरी – दबलेली, अंतर राखून असलेली, काहीशी निर्जीव.'

शुक्रवारी दुपारी व्यापारी आला, तेव्हा तिने वही वाचून दाखवली.

"म्हणजे दुसरी," व्यापारी खूश होऊन म्हणाला. "वा! डॉक्टरसुद्धा एवढं तपासत नाहीत." त्याने पहिली आणि तिसरी पुठ्ठ्याच्या खोक्यात घालून वर सुतळी बांधली. संध्याकाळी त्याची हळदीची गाडी मुंबईला निघायची होती. खोके तिच्याबरोबर जाणार होते.

"मलाही एकदा ऐकवा की," चाचा म्हणाले. "बांधलेलं सोडा जरा. दुसरी आणि तिसरी, दोनच."

ऋजुताने दुसरी लावली. सुरुवातीला बासच्या जाड तारा एकट्याच वाजतात, मग हळूहळू बाकीचे वादक येतात. आवाज दुकानभर पसरला. चाचा मान खाली घालून ऐकत होते. थोड्या वेळाने त्यांनी हात वर करून थांबवले, आणि ती रेकॉर्ड बदलत असताना ते उठून अँप्लिफायरपाशी गेले. चष्मा कपाळावर सारून त्यांनी वाकून पाहिले. मग अंगठ्याला थुंकी लावून त्यांनी ती खडूची रेघ पुसून टाकली.

"चाचा!" ऋजुताच्या तोंडून निघून गेले.

तिसरी वाजू लागली, तसे चाचांनी बटण उजवीकडे फिरवले. थोडे थांबले. पुन्हा किंचित फिरवले.

व्यापारी हसू लागला. "काय ओ चाचा, हे कसलं पंचपण? तिसरीच्या पानात तुम्ही तूप जास्त वाढताय!"

ऋजुता हसली नाही. तिचे कान तापले होते. तीन दिवस जपलेली रेघ चाचांच्या अंगठ्यावर पांढरी लागलेली तिला दिसत होती. आपला निवाडा मान्य नव्हता तर तसे सांगायचे, असे चारचौघांत पुसायचे कशाला, असे तिला वाटले.

चाचांनी सुई उचलली आणि भिंतीशी टेकलेला तंबोरा तिच्या मांडीवर दिला.

"मधल्या जोडीच्या दोन्ही तारा उतरव," ते म्हणाले. "पार ढिल्या कर."

तिने केल्या.

"आता दोन्ही खुंट्या मोजून तीन-तीन वेढे पीळ. कमी नाही, जास्त नाही."

तिने मोजून पिळल्या.

"छेड."

तिने छेडल्या. जोडीच्या तारा एका सुरात बोलायच्या, त्या दोन अनोळखी माणसांसारख्या एकमेकींवर आदळल्या. व्यापाऱ्यानेही तोंड वाकडे केले. ऋजुताचा हात सवयीने खुंटीकडे गेला.

"अं हं, हात नको लावू," चाचा म्हणाले. "दोघींना सारखेच वेढे दिलेस ना? मग झाला की न्याय."

"पण सूर कुठं जुळलाय, चाचा?"

"का नाही जुळला?"

"एक तार आधीच जास्त ढिली होती. तिला थोडं जास्त..." एवढे बोलून ती थांबली.

तिने अँप्लिफायरकडे पाहिले.

चाचा तिच्यासमोर जमिनीवर बसले. "हे बघ बेटा, वरचे आवाज मला ऐकू येत नाहीत, हे मी शेठना सांगितलंच होतं. तुझ्या निवाड्यात चूक आहे की नाही, हे मला ऐकून कळलं नसतं. मला ती रेघ दिसली. रेकॉर्डवर आवाज कोरावा लागतो. एक कारागीर बारीक आवाजही मोठा करून, भरून कोरतो, एक जपून कोरतो. पुढं मोठा आवाज आला तर त्याला जागा उरावी म्हणून. तू दोघांना एकाच रेघेवर ऐकलंस. भरून कोरलेली जवळची वाटली, जपून कोरलेली निर्जीव वाटली. तू बटण सारखं ठेवलंस, ऐकणं सारखं राहिलं नाही. खुंटी सारखी पिळून तंबोरा लागत असता, तर चार वर्षं तू माझ्याकडं काय शिकलीस? वेढे मोजायला?"

ऋजुताने आधी तंबोऱ्याची ढिली तार चढवली, जोड जुळवली आणि तो भिंतीशी ठेवला. जुळवल्याशिवाय तंबोरा ठेवायचा नाही, ही त्या दुकानाची रीत होती.

मग ती अँप्लिफायरपाशी बसली. दुसरी रेकॉर्ड लावून सुरुवातीच्या बासचा आकार तिने कानात धरला. तिसरी लावली. डोळे मिटून बटण हळूहळू फिरवत नेले. तिसरीतला बास दुसरीतल्या बासएवढाच अंगापिंडाचा झाला तिथे तिने हात काढून घेतला. असे तिने चारपाच वेळा उलटसुलट करून पाहिले. जोडीच्या तारा जुळवतानाही ती हेच करत असे.

"शेठ," ती म्हणाली, "तुमच्या वडिलांची जागा लावू?"

आधी दुसरीवरची जागा. सगळे वादक एकदम थांबतात, सॅक्सोफोनवादकाचा श्वास ऐकू येतो, मग त्याचा सूर. भरदार होते खरे. पण त्यात श्वासही तेवढाच मोठा होता आणि सॅक्सोफोनही तेवढाच. मधली शांतता कुठे सुरू झाली आणि कुठे संपली, ते कळलेच नाही. व्यापारी नुसता ऐकत राहिला.

मग तिसरी. वादक थांबले. कुणीतरी लाकडी खुर्चीत किंचित सावरून बसल्यासारखा आवाज झाला. एक बारीक श्वास आत गेला. त्यानंतर काहीच नव्हते, आणि ते काहीच नसणे इतके स्पष्ट होते की रस्त्यावरच्या सायकलची घंटीही नकोशी वाटली. आणि मग, अगदी दूरच्या खोलीतून यावा तसा, पहिला सूर आला आणि फुलत फुलत मोठा झाला.

व्यापाऱ्याचे बोट वर गेले होते. ते त्याच्याच ध्यानात उशिरा आले. त्याने ते खाली घेतले आणि मांडीवर दुसऱ्या हातात धरून ठेवले.

"हीच," तो म्हणाला. "ते या गप्प बसण्यासाठी बोट वर करत होते होय!"

बोलायची वेळ आता ऋजुताची होती. गप्प राहिली असती तरी चालले असते. चाचांनी निवाडा फिरवला, असे व्यापारी समजला असता आणि गोष्ट तिथेच मिटली असती.

"शेठ, माझी चूक झाली," ती म्हणाली. "मी तिसरीला निर्जीव म्हटलं. मी ती नीट ऐकलीच नव्हती."

"असू दे गं पोरी! सापडली ना जागा? आता पहिली आणि दुसरी जाऊ दे गाडीवर."

"पहिली आज नका पाठवू."

"का आता? तीच ती टोचणारी ना?"

"टोचते असं मी त्याच रेघेवरून लिहिलंय. थोडा आवाज कमी केल्यावरही टोचते का, ते बघायचंय. तुमची जागा तुम्हाला सापडली; तिचं मात्र मी अजून ऐकून घेतलेलं नाही."

व्यापाऱ्याने चाचांकडे पाहिले. चाचा कानस शोधण्यात गुंतले होते, किंवा तसे दाखवत होते.

"गाडी काय, सोमवारीही आहे," व्यापारी म्हणाला आणि त्याने सुतळीचा गुंडाळा करून खिशात टाकला. पायरी उतरताना तो वळला. "आणि हो, रविवारी तू ये. बटणापाशी तूच बस. मला ते जमायचं नाही."

तो गेल्यावर ऋजुताने फडके ओले केले. अँप्लिफायरवर खडूचा पांढुरका डाग अजून राहिला होता. तो तिने स्वच्छ पुसला, पहिली रेकॉर्ड लावली आणि बटणावर हात ठेवून ऐकू लागली.

आपल्याही वर्गांत आणि बैठकांत हळू बोलणारी माणसे असतात. त्यांच्याविषयी मत लिहून ठेवण्याआधी आपले बटण कुठल्या खुणेवर आहे, ते एकदा पाहावे.