निवृत्तीचा प्रकल्प

ता. ११ डिसेंबर. सकाळी धुकं, दुपारी कोरडं ऊन.

साळवंडी गावात निवृत्ती खुरपे नावाचा एक भोळा मुलगा होता. सांगितलेलं अक्षरशः करायचा, म्हणून मास्तरांनी त्याला कधी नापास केलं नाही. असं करत करत तो तालुक्याच्या कॉलेजात बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला पोचला. विषय घेतला समाजांचा तुलनात्मक अभ्यास.

मामानं बजावलं होतं, "पास झालास तर शेवंता तुझी. नापासाला मी पोरगी देत नसतो." आणि शेवंतावर तर निवृत्तीचा फार जीव.

त्या दिवशी पाठराबे सरांनी प्रकल्प दिला. "धनगरवाडा आणि कोष्टी आळी. दोन्हींची तुलना करा. लांबून बघू नका. त्यांच्यातलेच एक व्हा. ते करतील ते करा." सर स्वतः दोन्हीकडे कधी गेले नव्हते, पण दोन्हींवर त्यांचं पुस्तक होतं.

"बरं सर," निवृत्ती म्हणाला.

धनगरवाड्यातल्या बिरूबाबाचा दहावा चालला होता. नदीवर तिन्ही मुलं डोकी भादरून घेत होती. निवृत्ती चौथा बसला. न्हाव्यानं त्याचंही डोकं उतरवलं.

थोरल्यानं विचारलं, "तू रं कोण?"

"मी तुमच्यातलाच एक."

हे ऐकून बिरूबाबाच्या म्हातारीनं घरी जाऊन नवऱ्याच्या फोटोचा हार काढला. जमिनीला नवा वाटेकरी आला म्हणून तिन्ही भावांनी निवृत्तीला शिवेपर्यंत पळवत नेलं.

सरांनी कपाळाला हात लावला. "अरे, इतकं मिसळायचं नसतं! अंतर ठेवायचं. कशात मध्ये पडायचं नाही. नुसतं बघायचं आणि लिहायचं."

"बरं सर."

कोष्टी आळीत अंबूकाकूंनी सुताला खळ लावून ते वाळत ताणलं होतं. काकू पाणी प्यायला आत गेल्या. तेवढ्यात शेळी आली. शेळीला खळ आवडते. निवृत्ती लिहीत बसला.

काकू बाहेर येऊन किंचाळल्या, "मुडद्या, हाकलली का नाहीस?"

"काकू, ती कडेनं खाते. मधलं शेवटी. लिहून ठेवलंय."

काकूंनी खळीचा कुंचला त्याच्या टकलावरून फिरवला.

सर म्हणाले, "लोकांकडून नुसतं घ्यायचं नसतं रे. जे कळलं ते त्यांना परत सांगायचं. तो त्यांचा हक्क आहे."

"बरं सर."

निवृत्तीनं कोष्टी आळीत उभं राहून मोठ्यानं वाचलं, "अंबूकाकू विहिणीच्या पाया पडतात. ती गेली की तिच्या पाटल्या पितळेच्या आहेत म्हणतात." विहीण तिथंच बसली होती.

या वेळी त्याला वेशीपर्यंत पळवायला बायका होत्या.

"गाढवा, नावं बदलायची!" सर ओरडले. "गाव बदल, माणसं बदल. कोण कुठला, ब्रह्मदेवालाही कळता कामा नये!"

"सगळी नावं, सर?"

"सगळी!"

निवृत्तीनं मन लावून प्रकल्प लिहिला. अंबूकाकूंची सोनाकाकू केली, बिरूबाबाचा धुळाबाबा केला, शेळीचंही नाव बदललं. राहता राहिलं मुखपृष्ठ. त्यावरही एक नाव होतं. ते खोडून त्यानं लिहिलं : जयसिंग भोपळे.

ता. २ मे. ऊन फार, वारा पडलेला.

मामा निकाल बघायला आला. फलकावर लिहिलं होतं : जयसिंग भोपळे, प्रकल्प उत्कृष्ट, विषयात पहिला. निवृत्ती खुरपे, प्रकल्प दिला नाही, नापास.

मामानं विचारलं, "हा भोपळ्यांचा पोरगा तुझ्या ओळखीचा?"

"हो."

"कुठला? कुणाचा?"

"ते सांगायचं नाही, मामा."

मामा शेवंताची पत्रिका घेऊन जयसिंग भोपळेचं घर शोधायला निघाला.