नुसते बारा

मार्गशीर्ष शुद्ध पंचमी. पहाटे दव पडले होते, दुपारी ऊन कोरडे, वारा नाही, आभाळात एकही ढग नाही. त्या वेळी राज्य कोणाचे होते हे आता कोणाला सांगता येत नाही, इतकी ही जुनी गोष्ट आहे. तिथी आणि हवा मात्र सांगणाऱ्यांनी जपून ठेवली, म्हणून आधी तीच सांगितली.

एका डोंगराच्या पायथ्याशी एक तलाव होता. तलावाच्या एका पाटावर दोन वाड्या जगत होत्या, वरची वाडी आणि खालची वाडी. दोन्हीकडे गहू पिकत असे. जमीन मुरमाड होती, पाणी धरून ठेवीत नसे. आठवड्यातून एक दिवस तलावाचे दार उघडायचे आणि सूर्य उगवल्यापासून मावळेपर्यंत, म्हणजे तीस घटका, पाणी सोडायचे. आधी खालच्या वाडीची पाळी, मग वरच्या वाडीची.

कोणाला किती घटका, हा हिशेब तिथे मोठी माणसे करीत नसत. तो शाळेतली मुले करीत. कारण मुलांच्या नावावर शेत नसते आणि ज्याचे शेत नाही तो खोटे बोलणार नाही, असे दोन्ही वाड्यांच्या आजोबा-पणजोबांनी ठरवले होते. गव्हाला पहिले पाणी द्यायच्या दिवशी पंतोजी ते उदाहरण घालीत. मुले पाटीवर उत्तर लिहीत आणि पाट्या उंच धरीत. सगळ्या पाट्यांवर एकच उत्तर असले, तरच पाटील ते बांधावरच्या दगडावर गेरूने लिहून दार उघडीत. एक पाटी जरी वेगळी निघाली, तरी दार बंद. रीत चांगली होती. ती बिघडवली पंतोजींनी.

पंतोजींना झटपट उत्तर देणारी मुले आवडत. आकडा आला की उत्तर आले, असे ते म्हणत. आकड्यापुढे कोणी शेर, हात, कोस असे काही लिहिले, तर ते पाटीवर ओली चिंधी फिरवीत आणि पेन्सिल फुकट घालवू नकोस म्हणून सांगत. त्यामुळे त्या शाळेत दोरीची लांबी सात असे, घागरीतले पाणी नऊ असे, आणि घरापासून देवळापर्यंतचे अंतर चार असे. मुले भराभर सोडवीत. आईबापांना कौतुक वाटे.

याचे फळ आदल्या वर्षी मिळाले होते. उत्तर आले होते बारा. दगडावर गेरूने लिहिले गेले बारा. खालच्या वाडीला वाटले, बारा घटका. घटका मोजायची तर देवळात तांब्याचे एक मोठे पात्र होते. त्याच्या तळाला बारीक भोक होते. पाण्यावर सोडले की ते हळूहळू भरे आणि एका घटकेत बुडे. पण पाटील वरच्या वाडीचे होते, त्यांनी त्या दिवशी देवळातले पात्र आणलेच नाही. त्यांनी वरच्या वाडीतल्या औषधवाल्या म्हातारीकडचे तसेच भोकाचे लहान पात्र आणले. मोठे एकदा बुडे तेवढ्यात हे तीनदा बुडे. बारा वेळा बुडले आणि पाटलांनी दार ओढून घेतले. सूर्य अजून झाडांच्या शेंड्यावरही आला नव्हता. सगळा हंगाम हेच चालले. त्या वर्षी खालच्या वाडीच्या बत्तीस शेतांपैकी दहा शेतांत ओंब्या भरल्या, बावीस शेतांतला गहू गुरांपुढे टाकावा लागला.

लोक पाटलांकडे गेले. पाटील म्हणाले, दगडावर बारा आहे, तुम्हाला बारा दिले. लोक पंतोजींकडे गेले. पंतोजी म्हणाले, उत्तर तर बरोबर होते.

वाचकहो, पाटलाला पाणी हवे होते, त्याचे वागणे कळते. पंतोजीला या पाण्यातला एक थेंबही मिळणार नव्हता. बावीस घरांच्या चुली विझल्या तरी आपले उत्तर बरोबर आहे, एवढ्यावर जो माणूस समाधानाने झोपतो, त्याला काय म्हणावे?

तर त्या पंचमीला पंतोजींनी उदाहरण घातले. पाणी तीस घटका, वरच्या वाडीची शेते या वर्षीची तीन नवी धरून एक्कावन्न, खालच्या वाडीची दोन नवी धरून चौतीस, शेतांच्या प्रमाणात वाटणी केली तर खालच्या वाडीला किती? एकवीस पाट्या वर झाल्या. वीस पाट्यांवर १२ होते. एकविसावी पाटी खालच्या वाडीतल्या एका अकरा वर्षांच्या मुलीची होती. ती हिशेबात हळू होती. प्रत्येक पायरी दोनदा तपासायची तिला सवय होती. तिने लिहिले होते, १२ घटका, देवळातल्या पात्राने.

पंतोजींनी चिंधी पुढे केली. तिने पाटी छातीशी धरली.

"मी किती विचारलं होतं. कशाने ते विचारलं नव्हतं," पंतोजी म्हणाले.

"गुरुजी, मग बारा काय?"

"बारा म्हशी," पंतोजी म्हणाले, आणि वर्ग हसला.

मुलगी हसली नाही. ती म्हणाली, "म्हशी लिहिलं असतं तर पाटलांना म्हशी तरी द्याव्या लागल्या असत्या. नुसतं बारा लिहिलं की त्यांना काहीच द्यावं लागत नाही."

पंतोजींनी तिला वर्गाबाहेर उभे केले. पण रीत ती रीत. पाट्या जुळल्या नाहीत, दार उघडले नाही.

दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. उदाहरण तेच, वीस पाट्या तशाच, एकविसावी तशीच. पाटील शाळेत येऊन पंतोजींवर रागावले की एका पोरीकडून साधे उत्तर लिहून घेता येत नाही. वरच्या वाडीच्या बायका पाणवठ्यावर तिच्या आईला विचारू लागल्या, तुझी लेक शाळेत जाते की कचेरीत. खालच्या वाडीतही लोक कुरकुरू लागले. गहू वीतभर झाला होता, त्याची पाती टोकाला पिवळी पडत होती.

चौथ्या संध्याकाळी शेजारी तिच्या बापाकडे येऊन बसले. ते गेल्यावर बाप तिच्यापाशी आला. त्याचे शेत पाटाच्या अगदी शेवटी होते. आदल्या वर्षी सगळ्यांत आधी वाळले ते तेच.

"बाय," तो म्हणाला, "आपलं तर तसंही वाळणार. पण लहान पात्राचं का होईना, पाणी सुटलं तर आपल्या वाडीच्या पहिल्या दहा जणांचं भिजेल. दोन शब्द पुसायला काय जातं?"

"मी पुसलं तर गेल्या वर्षीचंही बरोबर ठरेल, आबा."

बाप उठून बैलांना पाणी दाखवायला गेला. त्याने पुन्हा विचारले नाही.

सातव्या दिवशी औषधवाली म्हातारी काठी टेकत शाळेत आली. आपल्या पात्रावरून भांडण पेटले आहे, हे तिला नुकतेच कळले होते. आदल्या वर्षी पाटलांनी ते कशाला नेले, हे तिने विचारले नव्हते आणि त्यांनी सांगितले नव्हते. पाटीलही तिथे होते. म्हातारीने मुलीची पाटी हातात घेतली, लांब धरून पाहिली आणि पंतोजींना विचारले की यात चुकले काय.

पंतोजी म्हणाले की आकडा बरोबर आहे, पण पुढचे शब्द जास्तीचे आहेत.

म्हातारी वरच्या वाडीच्या मुलांकडे वळली. त्यांच्यातल्या प्रत्येकाला तिने कधी ना कधी काढा पाजला होता.

"गेल्या चैत्रात तुला ताप होता," ती एका मुलाला म्हणाली, "तेव्हा मी तुझ्या आईला काय सांगितलं होतं?"

"तीन थेंब द्यायचे," मुलगा म्हणाला.

"थेंब हा शब्द मी गाळला असता, आणि तुझ्या आईने तीन वाट्या दिल्या असत्या, तर आज या पाट्या वीस असत्या. आणि तुझे हे गुरुजी म्हणाले असते, म्हातारीचा आकडा बरोबर होता."

कोणी हसले नाही. म्हातारी पाटलांना एवढेच म्हणाली की ते पात्र काढ्याच्या उकळीची वेळ मोजायचे आहे, शेताच्या पाण्याची नाही, आणि ते आता तिच्या घरी कुलपात आहे. मग ती जशी आली तशी निघून गेली.

तो मुलगा पाटी मांडीवर घेऊन बसला. थोड्या वेळाने त्याने आकड्यापुढे शब्द लिहिले. त्याच्या शेजारच्याने लिहिले. खालच्या वाडीची सहा मुले, जी इतके दिवस मान खाली घालून नुसते १२ लिहीत होती, त्यांनीही लिहिले. पंतोजींनी चिंधी उचलली, पण कोणाची पाटी आधी पुसावी ते त्यांना ठरवता येईना. पाट्या वर झाल्या. एकवीसच्या एकवीस जुळल्या.

पाटील म्हणाले की दगड लहान आहे, एवढे शब्द मावायचे नाहीत. मुलगी म्हणाली, "बारीक अक्षरात लिहा, पाटील. आम्ही जवळ जाऊन वाचू."

आठव्या दिवशी सूर्य उगवताना देवळातले पात्र पाण्यावर सोडले गेले. ते बारा वेळा बुडेपर्यंत दार उघडे होते. दोन्ही वाड्यांची मुले काठावर बसून मोजत होती.

नुसता आकडा नेहमी त्याच्याच बाजूचा असतो, ज्याच्या हातात माप असते. म्हणून माप सांगितल्याशिवाय कोणतेही उत्तर बरोबर मानू नये.

त्या वर्षी खालच्या वाडीच्या चौतीस शेतांपैकी एकतीस पिकली. पाटाच्या शेवटची तीन त्या आठ दिवसांत वाळली होती. त्यांतले एक त्या मुलीच्या बापाचे होते.