आधी उभ्या घरांना

एकदा एक डोंगर हलला. पहाटे माणसे झोपेत असताना त्याची एक अख्खी कूस निसटली आणि पायथ्याची वाडी दगडमातीखाली गेली. जी माणसे वाचली ती अंगावरच्या कपड्यांनिशी चढण चढून वरच्या वाडीत आली. वरच्या वाडीतल्या एकाही भिंतीला चीर पडली नव्हती. तिथल्या लोकांनी कोणाला काही विचारले नाही. त्यांनी दारे उघडली, आणि ज्याला जे घर जवळ पडले त्या घरात तो शिरला.

तो देश दूरचा, उंच पहाडांचा. जगात कुठेही संकट कोसळले की धावून जाणारी एक संस्था होती; नाना देशांची माणसे तिच्यात काम करीत. रस्ताच न उरल्यामुळे तिचे पथक तिथे चालत पोहोचले, तेही बऱ्याच उशिरा. पथकाचा प्रमुख एक वृद्ध होता. पूर, भूकंप, दुष्काळ पाहण्यात त्याचे आयुष्य गेले होते, आणि बहुधा त्यामुळेच तो फार कमी बोलत असे. त्याच्या हाताखाली शलाका नावाची एक तरुणी होती. दोघेही मराठी मुलखातले. शलाकाने त्याच पहाडांत वर्षभर आरोग्यसेविका म्हणून काम केले होते आणि तिथली भाषा, मोडकीतोडकी का होईना, भांडता येईल इतकी शिकून घेतली होती. वृद्धाचे मौन इतरांना ज्ञानासारखे वाटे. शलाकाला ते पुष्कळदा नुसत्या सवयीसारखे वाटे.

पिठाच्या गोण्या घेऊन हेलिकॉप्टर येणार होते, पण त्याला एकच फेरी शक्य होती. खिंडीवर बर्फाचे ढग जमले होते आणि ते उतरले की आठवडाभर तरी आकाश बंद. संस्थेची कामाची पद्धत सरळ होती. आकाशातून पाहणी करायची, पडलेली छपरे हेरायची आणि ज्याचे छप्पर पडले त्याला आधी द्यायचे. म्हणून शलाकाने जोहराला बेधडक शब्द देऊन टाकला होता. जोहरा ही खालच्या वाडीतली म्हातारी. तिची सून वरच्या वाडीत, गुलशाद नावाच्या बाईच्या घरी नुकतीच बाळंत झाली होती. "पीठ आलं की पहिली गोणी तुमच्या हातात, आजी," असे शलाका म्हणाली होती.

पीठ आले. वृद्धाने गोण्यांकडे पाहिले, मग वरच्या वाडीतल्या धडधाकट घरांकडे पाहिले आणि म्हणाला, "या घरांना द्या. प्रत्येक उंबऱ्याशी ठेवा."

"म्हणजे त्या घरांत उतरलेल्या खालच्या लोकांना?"

"नाही. घरवाल्यांना. ज्यांची घरं उभी आहेत त्यांना."

शलाकाला वाटले, आपण चुकीचे ऐकले. "सर, उंचावर आलं की काहींचं डोकं हलकं होतं म्हणतात. तुम्हाला बरं वाटतंय ना?"

"कळेल तुला, बाळ."

"मला बाळ म्हणू नका आणि कळेल म्हणू नका. कारण सांगा."

वृद्ध किंचित हसला, त्याने स्वतः एक गोणी पाठीवर घेतली आणि चालू लागला. पथकात प्रमुखाची आज्ञा मोडायची नसते. शलाकाने दात आवळून गोण्या वाहिल्या.

दुपारपर्यंत सगळेच बिघडले. गुलशाद उंबऱ्यात उभी राहिली ती दोन्ही हात पाठीमागे बांधून. "उचला हे! माझं छप्पर माझ्या डोक्यावर आहे. घरात पाहुणे असताना मला दान देता? उद्या म्हणतील, गुलशादने आम्हाला सांभाळलं ते दुसऱ्याच्या पिठावर." शेजारच्या घरांतही हेच झाले. गोण्या उंबऱ्यांशीच पडून राहिल्या. त्यांना कोणी हात लावेना.

तिकडे जोहरा वरच्या वाडीतच मिळालेल्या चार कपड्यांचे गाठोडे बांधत होती. "आमचं घर गेलं, माणसं गेली. आणि पीठ कोणाला, तर ज्यांची कोंबडीसुद्धा मेली नाही त्यांना!" ती शलाकाकडे न बघताच बोलत होती. "आम्ही इथे नको आहोत, एवढं कळलं. खाली शहराकडे जातो."

"आजी, बर्फ येतोय. तान्हं मूल आहे."

"ते तुझ्या साहेबाला सांग."

एका गाठोड्याचे पाहून दुसरे बांधले गेले. बघता बघता खालची वाडी निघण्याच्या तयारीला लागली. सून बाळाला कापडात गुंडाळत होती आणि खिंडीवरचा ढग खाली सरकत होता.

शलाका तडक वृद्धाकडे गेली. तो एका दगडावर बसला होता आणि पहिल्यांदाच खरोखर म्हातारा दिसत होता.

"आता तरी बोला," ती म्हणाली.

वृद्ध बोलला. "काल आपण गुलशादकडे जेवलो. आपल्याला, जोहराला, तिच्या सुनेला वाढून ती मुलांना घेऊन पडद्याआड गेली. यजमानाने पाहुण्यानंतर आणि नजरेआड जेवायचं, ही इथली रीत. ताटं आत गेल्यावर मी पाणी घ्यायला उठलो आणि पडदा हलला. तिची मुलं आपल्या ताटांत उरलेले तुकडे वाटून खात होती. मागे पिठाची कोठी होती, तिचं झाकण बाजूला पडलेलं. तळाचं लाकूड दिसत होतं. आपण आकाशातून छपरं बघतो. त्या छपराखाली किती तोंडं जेवतात, ते आकाशातून दिसत नाही. ज्या घराने आणखी तीन घरं पोटात घेतली, ते न पडताच रिकामं झालंय. अजून थोडे दिवस ते बोलणार नाही. मग एके सकाळी पाहुण्यांना दार दाखवील, आणि त्यात त्याचा दोष नसेल. एकदा या माणसांना डोंगराने बेघर केलं. दुसऱ्यांदा आपण करू. म्हणून आधी उभी घरं."

अशा कथेत शिष्य या ठिकाणी हात जोडतो, त्याच्या डोळ्यांत पाणी येते आणि गोष्ट संपते. शलाकाने हात जोडले नाहीत.

"मग हे सकाळी सांगायला काय झालं होतं?"

"तिने जीव तोडून लपवलेलं मी चव्हाट्यावर कसं आणणार?"

"चव्हाट्यावर नको. मला सांगायचं होतं! मी काय दवंडी पिटणार होते?"

"मला वाटलं, तुझं तुलाच उमगेल. उमगलेलं टिकतं."

"उमगेपर्यंत ते मूल बर्फात असेल, सर! तुम्हाला दिसलं ते खरं आहे, शंभर टक्के खरं आहे. पण तुम्ही पीठ दिलंत आपल्या हाताने. परक्याच्या हातून ती कशी घेईल?"

हे म्हणता म्हणता ती थबकली. परक्याच्या हातून नाही. मग कोणाच्या? वर्षभर ज्या घरी ती राहिली होती, तिथला निरोपाचा दिवस तिला आठवला. निघताना तिने घरमालकिणीला चहाची पुडी देऊ केली, तर बाईने हात मागे घेतले होते. मग बाईच्याच म्हाताऱ्या सासूने शलाकाला खुणावून चुलीकडे बोट दाखवले होते. त्या पहाडात पाहुण्याने चुलीशी ठेवलेली वस्तू परत करता येत नाही. परत करणे म्हणजे पाहुण्याला वैरी म्हणणे.

वृद्धाला काही न सांगता ती धावत सुटली. एका उंबऱ्यावरची गोणी तिने ओढत खळ्यात आणून टाकली, मग दुसऱ्या उंबऱ्यावरची. पथकातल्या लोकांना वाटले, पोरगी आता उघड बंड करते आहे. त्यांनी वृद्धाकडे पाहिले. वृद्धालाही काही कळले नव्हते. पण क्षणभराने तो उठला आणि तिच्याबरोबर गोण्या ओढू लागला.

जोहरा वाटेला लागली होती. शलाका तिच्यासमोर आडवी उभी राहिली. "पहिली गोणी तुमच्या हातात, असा मी शब्द दिला होता. या सगळ्या गोण्या तुमच्या वाडीच्या. घ्या."

"आता आठवलं का?"

"उशिरा आठवलं, चूक आमची. गोण्या तुमच्या आहेत. खाली न्या, विका, वाऱ्यावर उधळा, मी विचारणार नाही. एकच विचारते, आजी. ज्या घरात तुमचा नातू जन्मला, त्या घराच्या चुलीशी काय ठेवून निघालात?"

जोहरा थांबली. तिने मागे वळून गुलशादच्या घराकडे पाहिले. मग गाठोडे सुनेच्या हातात दिले आणि शलाकाला म्हणाली, "बघत काय उभी राहिलीस? हात लाव."

दोघींनी मिळून गोणी उचलली. गुलशाद उंबऱ्यातच होती, हात अजूनही पाठीमागे.

"सरक," जोहरा म्हणाली.

"मी घेणार नाही, जोहरा."

"तुला कोण देतंय? मी चुलीला देतेय. तुझी चूल तुझ्यापेक्षा शहाणी आहे, ती नाही म्हणणार नाही."

गुलशाद बाजूला झाली. गोणी चुलीशी टेकली, तिचे तोंड सुटले आणि पांढऱ्या पिठाचा वास घरभर पसरला. पडद्याआडून तीन डोकी बाहेर आली. गुलशादने एकदा पिठाकडे, एकदा दाराबाहेर उभ्या असलेल्या बाळंतिणीकडे पाहिले आणि तिचा आवाज फुटला.

"एवढं पीठ ठेवलंस आणि निघालीस? रोट्या कोण थापणार गं? माझ्या एकटीच्या हातांनी होणार आहेत का एवढ्या? आत ये आधी! आणि त्या पोराला वाऱ्यात कोणी उभं केलंय?"

जोहरा आत गेली. मागोमाग सून गेली, बाळ गेले. ते पाहून खालच्या वाडीतला एक जण खळ्याकडे वळला आणि त्याने गोणी पाठीवर घेतली. मग दुसरा, मग सगळेच. सकाळी त्याच गोण्या त्याच उंबऱ्यांवर बेवारशासारख्या पडल्या होत्या. आता त्या वाजतगाजत निघाल्यासारख्या आत गेल्या. बायका एकमेकींवर ओरडत होत्या, पोरे पिठात हात घालून मार खात होती आणि प्रत्येक छपरातून धूर निघत होता. गुलशादच्या घरातला पडदा त्या दिवशी खुंटीला अडकवला गेला. यजमान आणि पाहुणे एकाच परातीभोवती बसले.

संध्याकाळी बर्फ पडू लागला. तो उभ्या छपरांवर पडला आणि त्या छपरांखाली एकही जण कमी नव्हता.

पुढे आकाश उघडले तेव्हा संस्थेने पत्रे आणि अवजारे पाठवली, पण खालची वाडी बांधायला हात वरच्या वाडीचे होते. त्यांनी आपली जनावरे खाली नेली, दगड हलवले, दरडीपासून दूर नवी जागा साफ केली. पहिले छप्पर चढले तेव्हा डोंगर दणाणेल असा गलका झाला आणि त्यात सर्वांत मोठा आवाज गुलशादचा होता.

वृद्धाने शलाकाची पाठ थोपटली नाही, उपदेशही केला नाही. मात्र त्यानंतरच्या प्रत्येक मोहिमेत माल उतरवण्यापूर्वी तो आपल्या माणसांना भोवती बसवी, आपल्याला काय दिसले ते सांगे, आणि मग विचारी, "आता हे कोणाच्या हातून द्यायचं, ते तुम्ही सांगा." उत्तर येईपर्यंत गप्प बसणे त्याला अवघड गेले नाही. गप्प बसण्याची खरी वेळ कोणती, एवढेच त्याला नव्याने कळले होते.

ज्यांना अनुभवाने चार गोष्टी अधिक दिसतात, त्यांनी त्या वेळेवर बोलून दाखवाव्यात. पुढचे पाऊल टाकायला तरुण पाय तयारच असतात.