अठरा पानांचा गोग्रास

एके काळी एका आळीत दारोदार गाई होत्या. संध्याकाळी गुरं रानातून परतली की उडालेल्या धुळीत नुसत्या घंटा ऐकू येत, आणि प्रत्येक गाय न चुकता आपापल्या दारी वळे. पुढे एकेक दावं रिकामं होत गेलं. कोणाची मुलं परगावी गेली, कोणाचं अंग थकलं, कोणाला शेणाचा वास नकोसा झाला. होता होता आळीत घरं अठरा आणि गाय एक, असं झालं. त्या एका गायीची ही गोष्ट.

गाय अनंतभटजींची. पोवळ्यासारखा तांबूस रंग, म्हणून तिचं नाव पोवळी. भटजी पुष्कळ शिकलेले होते, पण कोणाला ‘नाही’ म्हणायची वेळ आली की त्यांना शब्द सापडत नसे. घरात पत्नी सत्यभामाकाकू आणि बाळंतपणाला आलेली लेक. लेकीला तापानं धरलं आणि तिच्या अंगावरचं दूध आटलं. तेव्हापासून तीन महिन्यांची नात पोवळीच्या दुधावर वाढत होती. सकाळी चरवीत धारेचा आवाज घुमू लागला की पाळण्यातलं रडणं थांबायचं.

भाद्रपदातली अमावस्या आली. त्या दिवशी घरोघरी पितरांचा स्वयंपाक होतो, आणि जेवायच्या आधी एक पान गायीला घालतात. पूर्वी ज्यानं त्यानं आपल्या गायीला घातलं असतं. आता सगळी आळी पोवळीच्या गोठ्याशी आली. भात, वरण, वडे, पुरण, खीर. पोवळीनं पहिलं पान चाटूनपुसून खाल्लं, दुसरंही खाल्लं.

पाचव्या पानाला काकू म्हणाल्या, आता पुरे, उरलेलं नदीवर माशांना घाला. भटजींनाही तसंच वाटत होतं. पण पान घेऊन उभ्या असलेल्या माणसाकडे पाहिलं की त्यांना वाटे, याच्याच बापाचं पान कसं परत पाठवायचं? दर वेळी त्यांनी हात जोडले आणि वाट दिली. दुपारपर्यंत पोवळीनं अठरा पानं संपवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती गवताला तोंड लावीना. डावी कूस ढोलासारखी ताणलेली, शेण पातळ आणि आंबूस, रवंथ बंद. काकू चरवी घेऊन बसल्या आणि ओंजळभरही दूध न मिळता उठल्या. आत पाळण्यात नात रडू लागली.

गवळीवाड्यातून ठकूबाईला बोलावणं गेलं. ही म्हातारी जन्मभर गुरांतच वावरलेली. तोंडानं फटकळ, पण हात असा की बिथरलेलं जनावरही तिच्यापुढे शांत उभं राहायचं. तिनं पोवळीचे कान चाचपले, कुशीला कान लावला, आणि विचारलं, “भटजीबाबा, काय खाल्लंय हिनं?”

अंगणात सगळी आळी जमली होती. प्रत्येकाची नजर जमिनीला लागली. भटजींच्या मनात आलं, खरं सांगितलं तर या सगळ्यांना वाटेल, आपल्या पितरांच्या पानानंच गाय आजारी पडली. आणि मलाही म्हणतील, एवढा शिकलेला माणूस, याला कळू नये? यांतली कुठली भीती मोठी होती, ते त्यांचं त्यांनाही उमगलं नसावं.

“नेहमीचंच,” ते म्हणाले. “गवत, आणि चार घास गोग्रासाचे.”

काकूंनी त्यांच्याकडे पाहिलं आणि त्या आत गेल्या.

चार घासांनी एवढं होत नाही, हे ठकूबाईला ठाऊक होतं. खाण्याचं नाही तर मग गारठ्याचं असेल, असं तिनं धरलं. सुंठीचा काढा दिला, अंगावर गोणपाट घातलं, आणि ताकद राहावी म्हणून बाजरीची गूळ घातलेली कांजी पाजायला सांगितली. भटजींनी स्वतः कांजी पाजली. दिवस कलायच्या आत पोवळी खाली बसली आणि तिनं मान वळवून कुशीवर टाकली. नातीला भाताच्या पेजेची निवळ चमच्यानं पाजली. तिनं ती ओकून टाकली.

उजाडताच ठकूबाई परत आली. पोवळीला पाहून तिचा चेहरा उतरला. ती गायीपाशी उकिडवी बसली. लोक पुन्हा जमले होते. कोणी तिला धीर देऊ लागलं, तशी ती म्हणाली, “न्हाई वो, माझंच चुकलं. डोळं गेलं, आता हातबी गेलं. हितनं फुडं कुनाच्या जनावराला हात लावायची न्हाई म्या.”

भटजी ओसरीवरून उठले आणि सगळ्यांच्या मधोमध येऊन उभे राहिले.

“ठकूबाई, तुमचं काही चुकलेलं नाही. परवा हिनं अठरा पानं खाल्ली. मी शेजारी उभा होतो. मला थांबवता आलं असतं, मी थांबवलं नाही. आणि काल तुम्हाला खोटं सांगितलं.”

ठकूबाईनं मान वर केली.

“आन् कांजी पाजताना तरी बोलायचं हुतं की. आगीत तेल वतलं आपन दोघांनी.”

तेवढंच बोलून तिनं पदर खोचला. आता रोग कळला होता: शिजलेलं अन्न पोटात आंबलं होतं, आणि कांजीनं त्यात भरच घातली होती. मग एकेकाचं तोंड उघडलं. एक जण म्हणाला, आमच्या पानात वडेच आठ होते. एका आजीबाईंनी कबूल केलं की पान झाल्यावर उरलेल्या खिरीची तपेलीही त्यांनी मागच्या दारानं पोवळीपुढे ठेवली होती.

“गाय हाय का कोठार?” ठकूबाई पुटपुटली, पण हात चालूच होते.

घराघरातून खाण्याचा सोडा आला. तो कोमट पाण्यात कालवून बांबूच्या नळकांड्यानं थोडा थोडा पाजला, ठसका लागू न देता. मग गोडंतेल. पोवळी आडवी पडू नये म्हणून दोन्ही बाजूंना पेंढ्याची पोती लावली. ताणलेली कूस बायकांनी पाळीपाळीनं गोणपाटाच्या बोळ्यानं चोळली. धान्याचा कण नाही, गुळाचा खडा नाही, पुढे फक्त वाळलेलं गवत. आळीत गाई होत्या तेव्हा हे सगळं सगळ्यांना येत असे. आता हात अडखळत होते, तरी चोळता चोळता एकेकीला आपापल्या गायीचं नाव आठवू लागलं. भटजी मात्र पोवळीचं डोकं मांडीवर घेऊन बसले होते.

दुखण्याच्या तिसऱ्या दिवशी उन्हं ओसरीवर आली तेव्हा पोवळीनं एक लांब ढेकर दिली. कूस सैलावली. ती धडपडत उठली, गवताच्या दोन काड्या तिनं ओढल्या आणि उभी राहिली. थोड्या वेळानं तिच्या गळ्यातून एक गोळा वर सरकताना दिसला, आणि जबडा संथपणे फिरू लागला. रवंथाचा तो बारीक आवाज ऐकायला सगळी आळी श्वास रोखून उभी होती. चार दिवस नातीला पेजेची निवळ थेंब थेंब पाजून काढले, मग चरवीचा तळ झाकेल एवढं दूध आलं. नातीनं ते घोट घोट घेतलं आणि झोपली.

भटजींनी ठकूबाईपुढे हात जोडले. म्हणाले, “मला क्षमा करा.”

“मला कशापायी हात जोडता?” ती म्हणाली. “म्या इचारलं तवा तिला बोलता येत न्हवतं. तिच्या वतीनं बोलनारं तुमीच हुता.”

तात्पर्य: ज्याला स्वतःचं दुखणं सांगता येत नाही, त्याची पहिली शुश्रूषा म्हणजे आपली चूक न लपवता सांगणं. औषध त्यानंतरच लागू पडतं.