चुलीपुढचा चेंडू

फार जुन्या काळची गोष्ट आहे, बाळांनो, आणि बाळांना मांडीवर घेऊन बसलेल्या थोरांनो. उंच डोंगरांच्या कुशीत एक लहानसं राज्य होतं. तिथे हिवाळा आला की बर्फ पडायचं, आणि पडायचं म्हणजे असं पडायचं की दारं निम्मी बुजून जायची, वाटा दिसेनाशा व्हायच्या आणि माणसं आपापल्या घरात चुलीला धरून बसायची.

त्या राज्यात एक खेळ होता. टोकाला वाकडी असलेली एक लांब काठी आणि लिंबाएवढा लाकडी चेंडू. दूर कुठेतरी जमिनीत वाटीएवढा खळगा केलेला असायचा, त्याला म्हणायचे गल. चेंडूला काठीने टोले मारत न्यायचं आणि गलीत घालायचं. अशा एकामागून एक बऱ्याच गली असायच्या; सगळ्या मिळून कमी टोल्यांत घालेल तो जिंकला. एवढा साधा खेळ. पण त्या खेळावर दोन गावांचं वर्ष अवलंबून असायचं.

झालं होतं असं, की डोंगराच्या माथ्यावर गवताचं एक मोठं कुरण होतं. डोंगराच्या अलीकडे एक गाव, पलीकडे एक गाव. दोन्ही गावं मेंढपाळांची. बर्फ वितळलं की कोवळं गवत आधी कोणाच्या मेंढ्यांनी खायचं, यावरून दर वर्षी डोकी फुटायची. शेवटी तिथली राणी कंटाळली. ती म्हणाली, "काठ्या चालवायच्याच असतील तर चेंडूवर चालवा, एकमेकांच्या डोक्यांवर नको. दोन्ही गावांनी एकेक गडी पुढे करा. जो जिंकेल त्याच्या गावाच्या मेंढ्या आधी वर जातील." तेव्हापासून तसंच चालत आलं होतं.

अलीकडच्या गावाचा गडी होता हैबती. पन्नाशीला टेकलेला, रुंद खांद्यांचा, कमी बोलणारा. त्याचा लांबचा टोला असा, की चेंडू आभाळात कुठे गेला ते बघायला लोक कपाळावर हात धरत. पण गल हातभर अंतरावर आली की या माणसाचं काहीतरी बिघडायचं. चेंडू गलीच्या अलीकडे थांबायचा, नाहीतर काठाला चाटून पलीकडे जायचा.

गेल्या वसंतात तेच झालं. शेवटची गल, हातभर अंतर, आणि हैबतीचा चेंडू बाजूने निघून गेला. पलीकडच्या गावचा तरुण सर्जा जिंकला. त्यांच्या मेंढ्या वर गेल्या आणि त्या खाली उतरेपर्यंत कुरणात उरलं ते तुडवलेलं, पिवळं गवत. हैबतीच्या गावातल्या मेंढ्यांचं दूध आटलं. कितीतरी कोकरं उन्हाळा बघण्याआधीच गेली.

गावात कोणी त्याला एका शब्दाने बोललं नाही. बोलले असते तर बरं झालं असतं, असं त्याला वाटायचं.

मग हिवाळा आला. बर्फाने मैदान झाकलं. हैबतीने काठी खुंटीला टांगली आणि तो बाजेवर जाऊन बसला.

त्याची बायको गोजरा चुलीपाशी लोकर कातत होती. त्यांची लेक लग्न होऊन दूर गेली होती, घरात ही दोघंच. गोजरा म्हणाली, "अहो, जवळचा टोला सुधारायचा म्हणत होतात ना?"

"म्हणत होतो. आता कुठे खेळू? चुलीत?"

"घर आहे की एवढं."

"घर म्हणजे काय मैदान आहे?" हैबती म्हणाला. पण बायकोने म्हटलं म्हणून त्याने एक घोंगडी जमिनीवर अंथरली. तिच्या टोकाला तांब्या आडवा ठेवला, तोंड आपल्याकडे करून. ती झाली गल. पहिला चेंडू पिठाच्या डब्यावर आदळला. दुसरा बाजेखाली गेला. तिसरा गोजराच्या लोकरीच्या टोपलीत. थोडे दिवस त्याने नेटाने प्रयत्न केला, मग काठी पुन्हा खुंटीवर गेली.

"काही उपयोग नाही," तो म्हणाला. "बाहेरचं गवत वेगळं, उतार वेगळा, वारा वेगळा. घोंगडीवर खेळून कोणी जिंकलंय का? आणि इथे बघतंय कोण?"

त्यानंतरचे दिवस वाईट गेले. हैबती उशिरापर्यंत पडून राहायचा. कांजीत मीठ कमी पडलं म्हणून चिडायचा, जास्त पडलं म्हणून चिडायचा. मेंढ्यांना वैरण घालून आला की भिंतीकडे तोंड करून झोपायचा. गोजराने ते बघितलं. तिला कळलं, की नवऱ्याचा खेळ सुटला एवढंच झालेलं नाही, नवराच आतून विझत चालला आहे. पण समजुतीच्या गोष्टी सांगायला ती गेली नाही. या माणसाला समजावलं की तो आणखी आत जातो, हे तिला इतक्या वर्षांत पाठ झालं होतं.

एका दुपारी हैबती असाच भिंतीकडे तोंड करून पडला होता. मागे आवाज झाला. टक. मग चेंडू घरंगळल्याचा आवाज. मग डब्यावर धाडकन.

"काय चाललंय?" त्याने न वळताच विचारलं.

"काही नाही. तुम्ही झोपा."

पुन्हा टक. पुन्हा धाड. हैबतीने कूस बदलली आणि बघतच राहिला. गोजरा पदर खोचून उभी होती आणि तिने काठी दोन्ही मुठींत अशी आवळली होती, जणू घरात विंचू निघाला आहे.

"अगं, विंचू मारतेस का खेळतेस?"

"मग कशी धरायची?"

"मला नको विचारूस. मी सोडलंय सगळं."

"बरं," म्हणून गोजराने काठी तशीच धरली आणि आणखी एक टोला मारला. चेंडू या खेपेला चुलीतल्या राखेत गेला. हैबतीला राहवेना. तो बाजेवरून उतरला.

"हात सैल सोड. सैल! कोकराचा कान धरतेस तसं धर. हं. आता पाय जवळ घे. आता मार."

तिने मारला. चेंडू तांब्याच्या बाजूने गेला.

"मान वर का केलीस?" हैबती ओरडला. "टोला बसायच्या आधीच तू बघतेस, गेला का, गेला का. मान हलली की खांदा हलतो, खांदा हलला की काठी हलते. मग चेंडू कसा जाईल सरळ?"

आणि एवढं बोलल्यावर त्याचं तोंड तसंच उघडं राहिलं.

"काय झालं हो?" गोजराने विचारलं.

तो हळूच घोंगडीवर बसला. त्याच्या डोळ्यांपुढे गेल्या वसंतातली ती शेवटची गल आली. काठी खाली येत होती आणि त्याची नजर केव्हाच गलीकडे गेली होती. त्याच्या आदल्या वर्षीही तसंच. जवळचा टोला आला की दर खेपेला तसंच.

"गोजरा," तो म्हणाला, "मी पण हेच करतो गं."

"करता की."

"तुला माहीत होतं?"

"इतकी वर्षं मैदानाच्या कडेला उभी राहून तुम्हालाच तर बघते मी. दुसरं काय बघणार?"

"मग सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं असतं तर ऐकलं असतंत?"

हैबतीने प्रामाणिकपणे विचार केला. मग तो हसला. बर्फ पडायला लागल्यापासून त्या घरात तो पहिल्यांदाच हसला होता.

त्या दिवसापासून घरातला खेळ सुरू झाला. गोजराने अट घातली: जो हरेल त्याने बाहेरून लाकडं आणायची. सुरुवातीला गोजराच बर्फ तुडवत जायची. मग हळूहळू हैबतीवरही पाळी यायला लागली, आणि मग तो चुरशीने खेळायला लागला. घोंगडी सपाट आहे अशी त्याने कुरकुर केली, तेव्हा गोजराने खाली वैरणीची पोती सरकवून उतार केले. लांबचा टोला अगदीच आखडू नये म्हणून तो गोठ्यात जाऊन नुसतीच काठी फिरवायचा. मेंढ्या आधी बिचकायच्या, नंतर रवंथ करत बघत राहायच्या.

रोज उत्साह असायचा असं नाही बरं का. कित्येकदा सकाळी बाहेर काळोखी असायची, अंग जड व्हायचं, आणि हैबती म्हणायचा, "आज नको." गोजरा वाद घालायची नाही. म्हणायची, "नको तर नको. एकच चेंडू मारा आणि झोपा." एक मारायला काय जातं, म्हणून तो उठायचा. कधी खरंच एक मारून झोपायचा. कधी एकाचे अनेक व्हायचे आणि कांजी गार होऊन जायची.

ऐन थंडीत गोजरा तापाने पडली. त्या दिवसांत हैबतीचं कशात लक्ष लागेना. तिच्या कपाळावर ओल्या कपड्याच्या घड्या ठेवायच्या, काढा करायचा, पुन्हा घड्या. एकदा ती क्षीण आवाजात म्हणाली, "आज एकही चेंडू नाही?"

"तू अशी पडलेली, आणि मी काय खेळू?"

"मला करमत नाही हो. तो आवाज ऐकू दे."

मग त्याने काठी काढली. टोला मारला. चेंडू तांब्यात टणकन गेला नाही. बाजेवरून तिचा आवाज आला, "मान!"

त्याने पुन्हा मारला. या खेपेला टणकन आवाज आला आणि ती समाधानाने डोळे मिटून पडली. ताप उतरेपर्यंत रोज सकाळी तो तिच्यासाठी खेळला. खाली मान घालून, फक्त कान देऊन. बघायचंच नाही, ऐकायचं. तेव्हा तो खेळ गमावलेल्या कुरणासाठी नव्हता, बाजेवरच्या त्या एका माणसासाठी होता. त्यामुळेच की काय, त्याचा हात कधी नव्हे इतका शांत झाला.

अखेर बर्फ वितळलं. मैदानावर दोन्ही गावं जमली. सर्जा आला. तरुण, उमदा, आल्याआल्या हैबतीच्या पाया पडला. हिवाळाभर त्याने काठीला हात लावला नव्हता. अंगात जोर होता, मागच्या वर्षीचा विजय होता, त्याला गरज वाटली नव्हती.

खेळ सुरू झाला. सर्जाचे लांबचे टोले हैबतीच्या पुढे जाऊन पडत. हैबतीचे खांदे थंडीने आखडले होते, वयही झालं होतं. त्याच्या गावचे लोक उसासे टाकायला लागले. पण गल जवळ आली की चित्र बदलायचं. सर्जाचा चेंडू गलीभोवती घोटाळायचा आणि हैबतीचा निमूट आत जायचा. असं करत करत दोघेही शेवटच्या गलीपाशी बरोबरीत आले.

सर्जाने मारलेला चेंडू काठापाशी येऊन थांबला. पुढच्या टोल्याला तो आत जाणार हे नक्की होतं. हैबतीचा चेंडू गलीपासून दीड हातावर होता. आता गेला तर जिंकला.

हैबतीला मेलेली कोकरं आठवली. त्याने धोतराला हात पुसले, काठी सैल धरली, मान खाली घातली. आणि टोला मारला.

चेंडू निघून गेला. हैबतीने वर बघितलं नाही. जिथे चेंडू होता तिथलं दबलेलं गवत तो बघत राहिला आणि कान देऊन उभा राहिला. पण मातीतली गल ती, तिचा कसला आवाज येणार? काहीच ऐकू आलं नाही. लोकांचाही आवाज नाही. एवढी माणसं, पण सगळ्यांचे श्वास अडकलेले.

शेवटी त्याने खालमानेनेच विचारलं, "गोजरा, गेला का गं?"

गर्दीतून गोजराचा आवाज आला, रडका आणि हसरा एकदमच. "अहो, आता तरी मान वर करा!"

त्याने मान वर केली. चेंडू दिसत नव्हता. गलीभोवती माणसंच माणसं नाचत होती.

त्या वर्षी हैबतीच्या गावच्या मेंढ्या आधी वर गेल्या. कोवळं गवत खाऊन त्यांना दूध फुटलं आणि त्या वसंतात जन्मलेली कोकरं उन्हात उड्या मारताना दिसू लागली.

थोड्या दिवसांनी सर्जा हैबतीच्या घरी आला. "काका," तो म्हणाला, "बर्फ तर आमच्याइतकंच तुमच्याकडेही होतं. मग तुम्ही खेळलात कुठे?"

"घोंगडीवर," हैबती म्हणाला.

सर्जाला ती थट्टा वाटली. गोजराने त्याला भाकरी वाढली आणि जेवण झाल्यावर काठी हातात देऊन ती म्हणाली, "मार बघू." त्याने मारला. गोजरा आणि हैबती दोघंही एकदमच म्हणाली, "मान!"

पुढच्या हिवाळ्यात डोंगराच्या दोन्ही अंगांना, बर्फात बुडालेल्या घराघरांतून टकटक ऐकू येऊ लागली. कधी अलीकडचं गाव जिंकलं, कधी पलीकडचं. पण आता जिंकणारे वर गेले तरी मागून येणाऱ्यांसाठी गवत राखून ठेवायचे, कारण बर्फाने जरा उसंत दिली की डोंगर ओलांडून एकमेकांच्या चुलीपुढे खेळलेली माणसं होती ती.

बोध असा: चांगल्या दिवसांची वाट बघत बसू नये, वाईट दिवसांतही घरच्या घरी, मायेच्या माणसाच्या सोबतीने, रोज थोडं का होईना करत राहणाऱ्याचाच हात वेळ आली की स्थिर राहतो.